जव उठत नाहीत

उठ जवराया, पालट कूस,
पाण्यानं भिजू दे अंगाचं तूस.

बिअरच्या कारखान्यात हे गुणगुणत ज्याची उमर गेली, त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. म्हणून सगळे त्याला 'उतारमामा' म्हणत. भिजलेले जव दगडी फरशीवर पसरायचे आणि मोड फुटू लागले की लाकडी फावड्यानं पालटत राहायचं, नाहीतर कोवळी मुळं एकमेकांच्या गळ्यात पडून सगळ्याचं गाठोडं होतं. हेच मोड वाळवून माल्ट करायचा आणि माल्टची बिअर. फरशीवर अनवाणीच जायचं. चप्पल दिसली की मामा फावडं उगारायचा.

पुढे कारखाना परक्या कंपनीनं घेतला. माल्ट पोत्यांतून, बोटीनं येऊ लागला. मोडाच्या फरशीचं संग्रहालय झालं आणि मामाला पगारावर ठेवलं, कोरडे जव पालटून दाखवायला. त्याची लेक तिथलीच गाईड.

"देश नवा होता, तेव्हा टाचणीसुद्धा बोटीनं यायची," ती पाहुण्यांना सांगे. "पण बिअर आपली होती. बाटल्यांसाठी काचेचा कारखाना आला, बाटल्यांसाठी रस्ता आला, बिअरवरच्या करातून सरकारी हॉस्पिटल उभं राहिलं."

"म्हणजे पिणाऱ्यांनीच बांधलं आणि पिणारेच भरती झाले!" कुणीतरी हटकून म्हणे.

मामा फावड्याशीच पुटपुटे, "आता टाचणी आपली आणि माल्ट बोटीचा."

कारखान्याचा वर्धापनदिन जवळ आला होता. त्या दिवशी बिअरचा एक हौद मामाच्या माल्टचा, असा शब्द कंपनीच्या साहेबांनी दिला होता. त्या शब्दावर मामा जगत होता. मरायच्या आधी एकदा ती फरशी जागी झालेली बघायची, बाकी काही नको.

"बघू या मामा, वरून उत्तर येऊ दे."

"वरून म्हणजे किती वरून, साहेब? तिथून पाऊससुद्धा येतो एव्हाना."

शेवटी साहेबांनी हात झटकले. "आता नाही जमायचं. आणि तुम्ही आहात तसेच छान दिसता की! लोक फोटो काढतात."

छान दिसता! मामाची कानशिलं तापली. 'मोडच दाखवतो यांना, मग नाही कसं म्हणतात बघू,' असं मनाशी म्हणत संग्रहालयाच्या चार दिवसांच्या सुट्टीत त्यानं नळाला पाईप लावला आणि फरशीवरचेच जव भिजवून काढले. सुट्टीभर तिथंच बसला. पालटत होता, गात होता, वास घेत होता. मोड फुटताना फरशीला कोवळ्या काकडीचा वास येतो. तो काही येईना. येत होता तो आंबूस वास.

सुट्टी संपली. सकाळी लेक आली ती दारातच थबकली. चपला काढून आत आली.

"बाबा, ते उठायचे नाहीत."

"गारठा आहे. जरा दम धर."

"भाजलेले आहेत. इथं मांडायच्या आधीच भाजले. किडा नको, मोड नको म्हणून."

मामानं एक दाणा दाताखाली धरला. "भाजल्याची चव नाही."

"चव जाईल इतके नाही भाजले. जीव जाईल इतकेच."

फावड्याच्या दांड्यावर मामाची बोटं आवळली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना उठवत होतो. रोज. गाणं म्हणून!"

"म्हणूनच नाही सांगितलं," लेक म्हणाली.

बाहेर पाहुण्यांची बस लागली. लेक म्हणाली, "बाबा, घरी जा. आज फरशी बंद आहे म्हणून सांगते." मामा हलला नाही. लोक आत आले. एका बाईनं विचारलं, "किती दिवसांत मोड येतात हो?"

लेकीनं पाठ केलेलं सगळं गिळलं. "येत नाहीत. हे मेलेले जव आहेत."

पाहुण्यांना तो विनोद वाटला. सगळे खळखळून हसले.

"काका, तो खांदा जरा कॅमेऱ्याकडे!"

मामानं फावडं खुपसलं. ओले जव लगद्यासारखे चिकटून वर आले. एक माणूस फोटोसाठी बुटांसकट ढिगात शिरला, पाठोपाठ त्याची बायको. लेकीनं घाबरून बापाकडे पाहिलं.

मामानं बुटांकडे पाहिलं आणि त्यांना उभं राहायला जागा करून दिली.