सव्वानऊचा माल

मी चौथीपर्यंत शिकले. पण चाळीस वर्षं जळगावात भरताची वांगी विकली, आणि वांगं नुसतं हातात घेतलं तरी ते आतून मऊ आहे की बियांनी भरलंय ते सांगते. त्यामुळे मला कोणी व्यवहार शिकवायला बसलं की माझं डोकं फिरतं. आणि शिकवायला बसणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ आधार पहिला.

आधार धुळ्याला असतो, देवपुरात. एस.टी.वर ड्रायव्हर होता, मागच्या वर्षी रिटायर झाला. घाटात कधी गाडी घासली नाही, याचा त्याला फार तोरा. आता रिटायर झालेल्या माणसाने सकाळी फिरावं, संध्याकाळी विहारात जाऊन बसावं, बायकोला भाजी निवडून द्यावी. हा मोबाइल घेऊन शेअर बाजारात शिरला.

शनिवारी दुपारी भावजयीचा फोन आला. मोरीत जाऊन, नळ सोडून बोलत होती, म्हणजे प्रकरण मोठं होतं. म्हणाली, ग्रॅच्युइटीचे चार लाख आलेत आणि हे सोमवारी सकाळी सगळेच्या सगळे एका शेअरमध्ये घालणार आहेत. त्या चार लाखांत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. बिचारी जिना बसून उतरते. मी विचारलं, तू काही बोलली नाहीस? म्हणाली, बोलले, तर म्हणाले की महिन्याभरात डबल होतील, मग गुडघे मुंबईला करू.

शेअर म्हणजे काय हे मला कळत नाही असं कोणी समजू नये. माझी नात साक्षी कॉमर्सला आहे. तिने दोन वर्षांपूर्वी मला खातं काढून दिलं. शेअर म्हणजे कंपनीच्या धंद्यात वाटा, हे ती मला तासभर समजावत होती. मी म्हटलं, पोरी, आमच्या दोंडाईच्याच्या माहेरी शेळी अर्धलीने द्यायचे. शेळी आपली, सांभाळणारा दुसरा, आणि पिल्लं झाली की निम्मी निम्मी. शेळी धडधाकट आहे का आणि सांभाळणारा लबाड आहे का, एवढं बघायचं. रोज उठून तिला बाजारात नेऊन किंमत विचारायची नाही. साक्षी म्हणाली, आजी, आमच्या सरांना एवढं सांगायला तीन लेक्चर लागली.

तेव्हापासून दर महिन्याला माझ्या खात्यातून हजार रुपये एका फंडात जातात. तो फंड पन्नास मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा घेतो. एक कंपनी बसली तरी बाकीच्या चालतात. शिवाय मी स्वतःच्या अकलेने एका साबणाच्या कंपनीचे तीस शेअर घेतले होते, कारण आमच्या गल्लीत प्रत्येक मोरीत तोच साबण दिसतो. त्या तीस शेअरचं पुढे काय झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगावंच लागणार आहे.

रविवारी मी चार किलो वांगी पिशवीत घातली आणि अर्ध्या तिकिटात धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत उभी, पुढे बसायला मिळालं. दारात जय भीम झालं आणि आधारने पिशवीत डोकावून ओळखलं की मी नुसती भेटायला आलेली नाही. मीही घाई केली नाही. भावजयीने अंगणात कापसाच्या काड्या पेटवल्या, आम्ही वांगी भाजली, कांद्याची पात घालून भरीत घोटलं. त्याला पोटभर खाऊ दिलं. भरल्या पोटी माणूस कमी भांडतो असा माझा अनुभव आहे, पण तो या घरात लागू पडला नाही.

मी विषय काढताच तो म्हणाला, "अक्का, तुले काय समजस त्यामधलं? मन्हा पैसा शे, मी देखी लिसू."

पैसा माझा, माझं मी बघून घेईन, एवढं बजावून त्याने मला सगळं ऐकवलं. हितेंद्र म्हणून एक जण आहे. आधी मोबाइलला काचा लावून द्यायचा, आता काचेचा दरवाजा लावून शेअरचा क्लास चालवतो. त्याचा व्हॉट्सॲपवर सातशे माणसांचा ग्रुप. त्याने सोलरच्या कुठल्याशा कंपनीचं नाव सांगितलं. आधारने नमुन्याला पाचशे शेअर चौदा रुपयांनी घेतले, आणि त्यानंतर नऊ दिवस तो शेअर रोज पाच टक्के वर. सकाळी बाजार उघडला की त्या दिवसाच्या पाच टक्क्यांच्या हद्दीला वर जाऊन चिकटतो, म्हणे. घेणारे हजारो उभे, विकणारा एक नाही. चौदाचे पावणेबावीस झाले होते. आधार रोज घ्यायला बघत होता आणि त्याला मिळत नव्हता. न मिळणाऱ्या वस्तूसाठी माणूस कसा वेडा होतो ते मी बाजारात रोज बघते.

मी विचारलं, ही कंपनी काय बनवते? म्हणाला, सोलर. म्हटलं, सोलरचं काय? पत्रा, पंखा, बंब? म्हणाला, सोलरचं सगळं. कारखाना कुठे आहे? ते हितेंद्रला माहीत आहे. मागच्या वर्षी नफा झाला का? तो म्हणाला की नफा आता होणार आहे, म्हणून तर आत्ता घ्यायचा.

मी म्हटलं की चार लाखांतले पाच हजार घाल, हौस फिटेल. तर म्हणाला, पाच हजारांचे दहा होऊन काय करू, पेट्रोल भरू? भावजयीने गुडघ्यांचा विषय काढला, तो उठून अंगणात गेला. मी एकटीच बडबडत राहिले. माझं ऐकलं नाही असा माणूस आमच्या घरात दुसरा जन्मला नाही. माझा नवरासुद्धा ऐकायचा.

सोमवारी पावणेनऊला तो आंघोळ करून, नवा शर्ट घालून खुर्चीत बसला, जसा पूर्वी मुंबईची गाडी काढायच्या आधी बसायचा तसा. पैसे आदल्याच आठवड्यात खात्यात भरून झाले होते. एक बटण दाबायचं बाकी. तेवढ्यात ग्रुपवर हितेंद्रचा निरोप आला आणि आधारने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. आज सव्वानऊला भरपूर माल मिळेल. सगळ्यांनी एकदम घ्या. थांबेल तो पस्तावेल.

"पाहिलं? नऊ दिवस मिळत नव्हता, आज त्याने आपल्यासाठी सोय केली," तो म्हणाला.

माझ्या कानाला काहीतरी टोचलं. जो व्यापारी आठ दिवस माल नाही म्हणतो आणि नवव्या दिवशी पहाटे स्वतः फोन करून सांगतो की मंदाबाई, खास तुमच्यासाठी ठेवलाय, त्याचं पोतं मी आधी खालून उघडते. वरची वांगी चकचकीत असतात. खालची त्याच्या हातात आणखी एक दिवस टिकणार नसतात.

मी विचारलं, "आधार, तू घेणार. तुला विकणार कोण?"

"कोण म्हणजे? बाजार."

"बाजार म्हणजे कोण? तू पाचशे घेतले तेव्हा कोणाचे तरी पाचशे गेले ना? कालपर्यंत रोज वाढणारी वस्तू कोणी सोडत नव्हतं. आज एकदम भरपूर माल कुठून आला? आणि तो सुटणार हे हितेंद्रला आधी कसं कळलं?"

त्याचं बोट मोबाइलवरच होतं. मग मान वर न करता म्हणाला, "तू नको सांगू अक्का. तुझी आयुष्यात कधी चूक झालीय का? तुला काय कळणार, दुसऱ्याला पुढे जावंसं का वाटतं ते."

नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. भावजय स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होती. मला माहीत होतं की आता शहाणपण सांगून उपयोग नाही, शहाणपण काल रात्रीच संपलं होतं. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती आणि ती या माणसाला सांगणं म्हणजे चाळीसगावपासून मुक्ताईनगरपर्यंत दवंडी पिटणं. मी भावजयीच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि सांगून टाकलं.

माझे ते साबणाचे तीस शेअर. चारशे दहाने घेतलेले. साक्षीने बजावलं होतं की आजी, विकायचेच असतील तर चारशे तीस अशी किंमत लिहून ठेव, तेवढी मिळाली तरच जातील. एक दिवस सकाळी मी वांगी मांडून बसले होते आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. सव्वानऊला सहज मोबाइल उघडला. पहिलाच घेणारा चारशे दोन म्हणत होता. आता आमच्यात पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत. बोहनीचं गिऱ्हाईक फिरवलं की दिवस वाया जातो. दोन रुपये कमी घ्यायचे पण हातात माल द्यायचा. चाळीस वर्षांची सवय. मी मनात म्हटलं, घे बाबा, बोहनी तर होऊ दे, आणि मिळेल त्या भावाला तीसही देऊन टाकले. मोबाइल कपाळालासुद्धा लावला.

दुपारी तो शेअर चारशे बत्तीस झाला.

आधार माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "अक्का, तू शेअर बाजारमा बोहनी करी?" भावजयही पदर तोंडात धरून हसत होती. मी हसू दिलं. घड्याळ चालू होतं.

त्याचा आवाज खाली आला तेव्हा मी म्हटलं, "हस. पण त्या दिवशी माझे तीस शेअर कोणीतरी घेतलेच ना? तो माणूस मला दिसला नाही. त्याला भाव माहीत होता आणि मला नव्हता. मी विकून खूश, तो घेऊन खूश, आणि दोघांतला एक जण मूर्ख. त्या दिवशी मूर्ख मी होते. आज समोर कोण बसलंय ते शोध आणि मग बटण दाब. माझं एवढंच म्हणणं आहे."

आधारने मोबाइलवरचं बोट काढलं. मग त्याने माझ्यासमोर हितेंद्रला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी काका काका झालं. आधारने सरळ विचारलं की आज विकतंय कोण. मग हितेंद्र म्हणाला की काका, इतके प्रश्न विचारणारे मागेच राहतात, तुम्ही घ्या पटकन. आधारने दुसऱ्यांदा विचारलं, तुझ्याकडचे तू विकतोयस का? फोन कट झाला.

सव्वानऊला आम्ही तिघं एका मोबाइलवर वाकलो. साक्षीने मला शिकवलंय की हिरव्या बाजूला घेणारे उभे असतात आणि लाल बाजूला विकणारे. नऊ दिवस लाल बाजू कोरी होती म्हणे. आज तिथे लाखालाखाचे ढीग लागले होते, खालपर्यंत. सातशे माणसांचं हिरवं पाच मिनिटांत त्यात बुडून गेलं. साडेनऊला भाव घसरायला लागला. अकराला तो दिवसाच्या तळाला, पाच टक्के खाली, जाऊन चिकटला आणि आता घेणारा एक उरला नाही. आधारने आपले नमुन्याचे पाचशे विकायला लावले. कोणी घेईना. पडद्यावर भाव साडेवीस लिहिलेला होता. मी म्हटलं, लिहिलेला भाव आणि मिळालेला भाव यात फरक आहे. समोर घेणारा उभा असेल तर तो भाव, नाहीतर नुसता आकडा.

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं आणि भावजयीला म्हणाला, चहा ठेव. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एवढ्या मऊ आवाजात चहा मागितलेला मी ऐकला नव्हता.

ते पाचशे तीन आठवड्यांनी नऊ रुपयांना गेले. अडीच हजारांचं नुकसान, म्हणजे क्लासची फी समजायची. हितेंद्रचा काचेचा दरवाजा बंद आहे आणि ग्रुपवर आता फक्त शुभ सकाळ येतं. चार लाखांतले ऑपरेशनचे आधारने बँकेत बाजूला ठेवले, बाकीचे पोस्टात ज्येष्ठांच्या योजनेत घातले, आणि माझ्यासारखे हजार रुपये महिना त्या पन्नास कंपन्यांच्या फंडात सुरू केले. भावजयीचा एक गुडघा झाला. दुसरा दोन महिन्यांनी.

माझी गोष्ट अर्थातच सगळीकडे गेली. चाळीसगावच्या मावसबहिणीने लग्नाच्या मांडवात, शंभर बायकांसमोर मला बोहनीबद्दल विचारलं. मी तिला सांगितलं की माझे आठ-नऊशे गेले आणि भावाचे चार लाख राहिले, तुझ्या घरात असा सौदा कोणी केला असेल तर नाव सांग. तिने पंगतीत माझ्यापासून लांबची जागा धरली.

आता आधार फार शहाणा झालाय असं मात्र नाही. मी त्याला बजावलं होतं की हा फंड दहा वर्षांसाठी आहे, रोज बघायचा नाही. तरी दर सोमवारी सकाळी त्याचा फोन ठरलेला. काल म्हणाला, अक्का, फंड पडला, माझे हजाराचे नऊशे ऐंशी झाले, काय करू?

मी विचारलं, "आंघोळ झाली का?"

म्हणाला, नाही.

"मग ती कर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, आणि ते वांगी दाबून बघत होतं.