लेकीच्या घरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना तांब्या आहे, आणि खरोखरच तांब्याचा आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण हल्ली स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यालाही लोक खुशाल तांब्या म्हणतात. माझा त्यावर राग आहे. पण नावावरून माणसे याहून वाईट काय काय करतात, ते मी पाहिले आहे.

परभणीच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. पेडगावच्या तात्यारावांनी मला पसंत केले आणि माझ्या पोटावर अक्षरे कोरून घेतली, ‘चि. सौ. कां. सविता हिस, वडिलांकडून’. सविता त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच वारली होती, त्यामुळे घरात बापलेक दोघेच. लग्नात मी सविताबरोबर पिंगळीला तिच्या सासरी आलो.

तिथे पाण्याच्या दोन जाती होत्या. बोअरचे खारे पाणी म्हणजे ‘वापरायचं’, आणि जारमधून येणारे ते ‘प्यायचं’. माझ्यात फक्त प्यायचे पाणी भरत. दारात कोणीही आले, पोस्टमन असो की मीटर बघणारा, की सविता मला त्याच्यापुढे ठेवी आणि म्हणे, “पाणी घ्या.” मी जरा गर्विष्ठच झालो होतो. मात्र एक पाहुणा आला की मला आत नेऊन ठेवत. तो पाहुणा म्हणजे ज्यांनी मला आणले तेच, तात्याराव.

त्यांचा नेम होता. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणी प्यायचे नाही. पूर्वी पुष्कळ बाप असे वागत. आता बहुतेकांनी सोडून दिले, पण तात्यारावांनी धरून ठेवले. त्यांना वाटे, आपण नेम पाळला तरच लेकीची कूस उजवेल. पण माणूस मोठा हुशार. साखर किंवा दही पडले की पाण्याचे नाव बदलते, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. त्यामुळे चहा चाले, सरबत चाले, ताक चाले, उसाचा रस तर दोन ग्लास चाले. सविता हसत हसत म्हणायची, “दादा, ह्या सगळ्यात पाणीच असतंय की!” ते म्हणायचे, “असू दे. नाव येगळं हाय ना?”

मी फडताळातून ऐकत असे. या माणसाने एकदा तरी मला तोंड लावावे, एवढीच माझी इच्छा होती.

चार वर्षे झाली. मूल झाले नाही. सविताची सासू नर्मदाबाई. तिची जीभ आधीपासूनच तिखट होती, आता ती सुरीच झाली. सुनेला थेट बोलली तर मुलगा आदिनाथ कधीमधी कुरकुर करी. म्हणून तिने दुसरी वाट शोधली.

मे महिना होता. तात्याराव पॅसेंजरने आले आणि पिंगळी स्टेशनापासून भर दुपारी चालत घरी पोचले. ओठांवर पांढरी साय धरली होती. सविता सरबताला उठली, तर साखरेचा डबा नर्मदाबाईच्या मांडीवर.

“साखर संपलीय,” ती म्हणाली.

“आत्याबाई, डबा भरलेला हाय की.”

“मी संपली म्हणलं की संपली. दूध नासलंय. ताक न्हाई.” मग ती स्वतः उठली, फडताळातून मला काढले, काठोकाठ भरले आणि तात्यारावांपुढे आणून ठेवले. तोंडभर हसून व्याह्यांना म्हणाली, “पाणी घ्या, इवाई.”

मित्रांनो, हेच दोन शब्द मी हजार वेळा ऐकले होते. त्या दिवशी त्यांचा अर्थ होता, नातवंडाची वाट बघू नका, तुमची लेक वांझ आहे.

तात्यारावांना अर्थ कळला. “ऱ्हाऊ द्या, इहीनबाई. तहान न्हाई मला.”

“दादा, प्या ना,” सविता रडकुंडीला आली. “जीव कासावीस व्हायलाय तुमचा.”

“चार वर्षं पाळलाय, पोरी. आता मोडू का? तुझ्यासाठीच हाय ना ते.”

त्यांनी मला हाताने थोडे बाजूला सारले. उठायला गेले आणि ओसरीवर धाडकन आडवे झाले. डोळे फिरले. सविताने त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि मला त्यांच्या तोंडाला लावले. घोट घोट पाणी आत गेले. मला त्या क्षणी आनंद झाला, हे मी कबूल करतो. मी निर्लज्ज आहे.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. पहिले वाक्य हेच, “काय पाजलंस ग मला?”

“सरबत, दादा.”

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “गोड लागंना.”

“घाईत साखर कमी पडली.”

ते तिच्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. त्यांना ते मानायचे होते, आणि त्यांनी ते मानले. “बरं केलंस,” म्हणाले. सगळे तिथेच मिटले असते. नर्मदाबाईने फक्त गप्प बसायचे होते.

“खोटं कशाला बोलायलीस ग?” ती म्हणाली. “पाणी हाय ते, इवाई. साधं जारचं पाणी.”

तात्याराव उठून बसले. रडले नाहीत, भांडले नाहीत. सविताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माझ्याच तोंडानं तुझं वाटोळं केलं ग.” आणि त्याच उन्हात चालत निघून गेले. नर्मदाबाई संध्याकाळी शेजारच्या दगडाबाईला सांगत होती, “लय नेम मिरवीत होता. पाजलं एकदाचं पाणी.” दोघी पोट धरून हसल्या. आदिनाथने ते ऐकले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तात्याराव दिवाळीला आले नाहीत. संक्रांतीलाही नाही. पुढच्या पावसाळ्यात सविताला मुलगी झाली. माहेरी बाळंतपण करायला बाई नव्हती, म्हणून सगळे पिंगळीलाच झाले. पाचव्या दिवशी सविताने मला घासून भरून ठेवले आणि फोन लावला. “दादा, नात झाली. आता पाणी प्यायला या.”

फोनवर ते खूप वेळ हसत होते, की रडत होते, मला नीट कळले नाही. मग म्हणाले, “मी यायचं सोडलं, तवा तुझी कूस उजवली, पोरी. आता मी न्हाईच येत. लेकरू जप.”

तिने परोपरीने समजावले. ते आले नाहीत.

मित्रांनो, असे आत्मवृत्त संपवताना आम्ही भांडी म्हणतो, आम्हाला जपा, घासा, अडगळीत टाकू नका. मला तसे काही मागायचे नाही. मला दर आठवड्याला चिंच लावून घासतात, मी लखलखीत आहे आणि पाहुण्यांपुढे रोज मिरवतो. मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे. त्याला सरबतच राहू दिले असते, तर पाण्याचे काय बिघडणार होते?