शास्त्रीय नाही

"हे शास्त्रीय नाही. नाटकातलं गाणं आहे," कव्हर बघताक्षणीच कंपाउंडरने निकाल देऊन टाकला.

"शंभरदा ऐकलंयस, आज पुन्हा नीट ऐक," शिंपी म्हणाला आणि त्याने तबकडीवर सुई ठेवली.

शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत हे भांडण दर रविवारी व्हायचं. भांडण कसलं, तर शास्त्रीय कशाला म्हणायचं! पूर्वी ऐकायला सात-आठ जण असत. कोणी मुलांकडे राहायला गेले, कोणी कायमचेच गेले. उरले हे दोघे. ज्याला रियाज लागतो ते सगळं शास्त्रीय, असं शिंप्याचं म्हणणं. कंपाउंडर म्हणायचा, "रियाज सर्कशीतल्या माणसालाही लागतो. ज्या गाण्याला गोष्ट सांगायची घाई असते, ते कसलं शास्त्रीय?"

अलीकडे कंपाउंडरला ऐकू कमी यायचं. कानात यंत्र घातलं की बोलणं कळे, पण गाणं मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजे. म्हणून गाण्यापुरतं तो ते काढून खिशात ठेवी. "सुरांसाठी मशीन लागत नाही मला," म्हणे. खरं किती ऐकू येतं, हे विचारायची शिंप्याची छाती होत नव्हती. आज कंपाउंडरची मुलगी बापासोबत आली होती ती ठरवूनच. तिने शिंप्याला दारातच बाजूला घेतलं होतं. "काका, येताना जिन्यात तोल गेला त्यांचा. काही ऐकूच येत नसेल तर एवढ्या लांब कशाला आणायचं? आज बघते, नाहीतर हे बंदच करू."

रविवार गेला तर शिंप्याजवळ नुसतं शिवणकाम उरणार होतं.

पहिलं कडवं संपलं आणि मुलीने खुर्ची मागे सरकवली. स्पीकरची वायर पायात अडकून निघाली. गाणं बंद झालं, तबकडी मात्र फिरत राहिली. कंपाउंडर त्या फिरत्या तबकडीकडे बघत मांडीवर ठेका धरून होता. त्याचा हात थांबला नाही. एके ठिकाणी त्याने डोळे मिटले आणि "वा," म्हणाला.

मुलीचे डोळे भरून आले. शिंपी वायर जोडायला उठलाच नाही. मुलीला कळायचं ते कळलं होतं; आता जोडून कोणाला फसवायचं? तबकडी संपेपर्यंत तिघेही तसेच बसून राहिले.

कंपाउंडरने यंत्र कानात घातलं. "हं, बोल आता. शास्त्रीय आहे का हे?"

शिंप्याला भांडण सुचेना. "नाही रे. तुझंच बरोबर."

बोलला आणि त्याला जीभ चावावीशी वाटली. उभ्या हयातीत हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. कंपाउंडर त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याची नजर मुलीच्या चेहऱ्यावर गेली, तिथून खाली, वायरीवर.

"कधी बंद पडलं?"

"पहिल्या कडव्यानंतर, बाबा."

"मी पूर्ण ऐकलं," कंपाउंडर म्हणाला. "आणि तू माझी दया येऊन माझं खरं करू नकोस. भांड."

शिंप्याने बाहीला नाक पुसलं. "मग नीट ऐक. नाटकातलं असलं म्हणून काय झालं? दुसऱ्या कडव्यातली ती तान तुझ्या एका तरी गवयाला जमेल का?"

"तिला तान म्हणतोस तू?" कंपाउंडरने खुर्ची पुढे ओढली.

मुलीने निघायचं म्हणून खांद्याला अडकवलेली पिशवी काढली आणि कापडांच्या ढिगावर ठेवली.