मोगऱ्याच्या बुडाशी

एडवणला पुष्पलताच्या मोगऱ्याला तोड नव्हती. लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरीची वेणी पुष्पलताच्याच परसातल्या फुलांची. बायका सकाळी येऊन मागच्या दारी थांबायच्या आणि ती मुद्दाम त्यांना थोडा वेळ ताटकळत ठेवायची. तेवढाच तिचा मोठेपणा होता आणि तो तिला फार प्रिय होता.

सहासष्टच्या उन्हाळ्यात त्याला धक्का लागला. आदल्या वर्षी पाऊस नीट झालाच नव्हता. विहिरीचा तळ दिसायला लागला. पुष्पलता आणि तिची धाकटी जाऊ विजया यांची घरं शेजारी शेजारी आणि विहीर दोघींत एकच. म्हणून सासूने, काशीबाईंनी, ठरवून दिलं होतं की झाडांना पाणी एक दिवस थोरलीने घ्यायचं, एक दिवस धाकटीने.

विजया मासवणची. तिचा नवरा रामनाथ तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता, रविवारचा घरी यायचा. दोन वर्षांपूर्वी तिने घरामागे मोगऱ्याची चार रोपं लावली, तेव्हा पुष्पलता मनातल्या मनात हसली होती. आता तिच्या स्वतःच्या मोगऱ्याची पानं दुपारी माना टाकत होती, कळ्या उमलण्याआधीच गळत होत्या. विजयाचा मोगरा मात्र पांढराशुभ्र फुललेला.

एक दिवस गावातल्या चिंधूची बायको फुलांसाठी परडी घेऊन आली. पुष्पलता पदर सावरून उठली. पण ती बाई दारावरून तशीच पुढे गेली आणि विजयाच्या कुंपणाशी जाऊन हाक मारली. त्या दिवशी पुष्पलताला जेवण गेलं नाही.

"ती पानी चोरते," तिने नवऱ्याला सांगितलं.

"कशाला चोरील?" कमलाकांत म्हणाला.

"मग माझी झाडं सुकतात आनि तिची कशी नाय सुकत?"

तिने पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहीर दिसायची. चुलीवरचं कालवण करपलं तरी तिची नजर तिकडेच. विजया आपल्या पाळीच्या दिवशी यायची, थोड्याच कळशा न्यायची. उरलेल्या वेळात आंब्याखालचा वाळका पाला टोपलीत भरायची आणि झाडांखाली पसरायची. चोरी काही सापडेना. त्याने पुष्पलता जास्तच चिडली.

शेवटी एका सकाळी विहिरीवर तिचं तोंड सुटलंच. "सासू म्हातारी झाली म्हनून तिचा शब्द मोडायचा काय गं? माझ्या पाळीचं पानी तुझ्या झाडांना जातंय!"

विजयाचा चेहरा पांढरा पडला. ती ओटीवरून काशीबाईंना हाताला धरून घेऊन आली, मोगऱ्याजवळ बसवलं आणि पाचोळा बाजूला सारला. "माई, हात घाला."

काशीबाईंनी बोटं मातीत घातली. माती ओली, गार होती. वरच्या थरातून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं.

"आमच्या मासवणला वांग्या-मिरच्यांना असाच पाला घालतात," विजया म्हणाली. "ऊन मातीला लागत नाय, म्हनून पानी उडत नाय. वयनी, तुमाला देऊ का? आंब्याखाली ढीग पडलाय."

"माझ्या परसात कचरा नको," पुष्पलता म्हणाली आणि रिकामी कळशी घेऊन घरी गेली.

पण ती गार माती तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. विजयाकडून तर काही घ्यायचं नव्हतं. त्याच आठवड्यात कमलाकांतने गोठ्याचं जुनं छप्पर उतरवलं. तो कुजका पेंढा जाळायला काढलेला पाहून पुष्पलताला युक्ती सुचली. विजयाने चार बोटं पाला घातला होता. हिने गुडघ्याएवढा पेंढा रचला, अगदी खोडांना खेटून, फांद्या अर्ध्या बुडेपर्यंत. आपल्या वाट्याचं सगळं पाणी त्यावर ओतलं. कुंपणापलीकडून विजया पाहत होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिले काही दिवस झाडं टवटवीत दिसली. पुष्पलता गुणगुणत घरात वावरली. मग एकेक फांदी पिवळी पडू लागली. तिला वाटलं, नजर लागली. कुणाची ते सांगायला नको. तिने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. पिवळेपणा थांबेना. एका सकाळी तिने सर्वांत जुन्या झाडाची फांदी धरली, तर झाडच हातात आलं. बुंधा मातीने लिंपल्यासारखा झाला होता आणि आतून पोखरलेला.

विजया न बोलावता कुंपण ओलांडून आली. ती पेंढा दोन्ही हातांनी उपसू लागली. आत पांढरी वाळवी बुजबुजली होती.

"जुन्या छपराच्या पेंढ्यात ही असतेच, वयनी. आनि पाला खोडाला टेकवायचा नाय. वीतभर जागा मोकळी सोडायची, नायतर साल कुजते."

"तवाच का नाय बोललीस?" पुष्पलता ओरडली. "बघत होतीस ना उभी?"

"बोलले असते तर ऐकलं असतं तुमी?"

पुष्पलता तिथेच खाली बसली आणि रडली. झाडांसाठी रडत होती, पण त्याहून जास्त, ही बाई आपल्याला रडताना बघते आहे म्हणून.

एकही झाड वाचलं नाही. पावसाळ्यात विजयाने आपल्या मोगऱ्याच्या फांद्या मातीत दाबल्या आणि मुळं फुटल्यावर तीन रोपं आणून दिली. पुष्पलताने ती तशीच ओटीवर ठेवली होती. काशीबाईंनी दटावलं तेव्हा लावली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिने स्वतः आंब्याचा वाळका पाला वेचला, वाळवी नाही ना पाहून पातळ पसरला आणि प्रत्येक खोडाभोवती वीतभर माती उघडी ठेवली.

वैशाखात तिच्या मुलीचं, मंदाचं, लग्न ठरलं, तोवर झाडं फुलांनी लवली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघी जावा वेणी गुंफायला बसल्या. मासवणहून आलेल्या विजयाच्या आईने ओंजळभर फुलं हुंगली. "काय सुवास हाय! कुनाच्या झाडाची?"

विजयाचे हात क्षणभर थांबले.

"माझ्या," पुष्पलता म्हणाली.

विजयाने मान हलवली, "व्हय गं, वयनींचीच," आणि पुढचं फूल दोऱ्यात ओवलं. पुष्पलता तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यात कुठेही टोमणा नव्हता, आणि हेच तिला सोसवेना. तिने टोपलीतली मोठी फुलं स्वतःकडे ओढून घेतली आणि मान खाली घालून वेणी गुंफू लागली.