गंगाधरच्या रणगाड्याचे पट्टे

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. वैभव, तू आत्तापासून हसू नकोस. या आपल्या लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या मोरीच्या कट्ट्यावर अख्खा रणगाडा उभा होता. होता वीतभरच; पण रणगाडा तो रणगाडा.

माझा नव्हे, समोरच्या खोलीतल्या गंगाधरचा. हा गडी फौजेत रणगाडे चालवायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याने कुणाला विसरू दिलंय? त्याच्या लेकीने, अनुजाने, वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या रणगाड्याचा खोका आणला. गंगाधरने तुकडे कसेबसे जोडले, पण ब्रश धरला की हात थरथरायचा. त्यात डॉक्टरांनी छातीच्या ऑपरेशनची तारीख दिलेली. मग आला माझ्या दारात.

"कुशाबा, चाकांवरचे पट्टे तेवढे रंगवून दे रे. ऑपरेशनला जायच्या आधी मला गाडी पुरी बघायचीय."

आता मी कोण? गणपतीच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस. मी रंगवलेल्या उंदरावर मांजरीने झेप घेतली आणि तिचा दात पडला, परळपर्यंत कुणालाही विचारा. माझ्यापुढे दोन रबरी पट्टे म्हणजे काय!

खोक्यात राहून दोन्ही वाकडे झालेले. एक गरम पाण्यात बुडवून सरळ केला, दुसरा आमच्या हिच्या, मीराबाईच्या, तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवला.

"घरात दुसरी जागा नाही मिळाली?" ती म्हणाली. "आता माझ्या तांदळाखाली पण लढाई?"

मी कशाला ऐकतोय! पहिल्या पट्ट्याची कडी न् कडी चंदेरी केली, काठाला सोनेरी रेघ ओढली, वर वॉर्निशचा हात मारला. नुसता झळाळत होता.

गंगाधरने चष्मा कपाळावर चढवला. "हे काय?"

"पट्टा."

"हा देवीचा कमरपट्टा आहे! अरे, चिखलातून चालते ती गाडी. मळव त्याला!"

मळव म्हणे! मूर्तीवर माशी बसली तर फुंकर घालून उडवणारा माणूस मी. तरी थिनरने सगळं धुऊन काढलं, गेरू फासला. चांगला जुना, तांबूस दिसायला लागला.

"गंजलाय हा," गंगाधर म्हणाला. "गंज कधी चढतो? गाडी उभी राहिली की. माझी गाडी उभी नव्हती रे. चालत होती."

"मग कुठला रंग देऊ?"

"चिखलाचा."

"चिखलाचा म्हणजे कुठला?"

"ओल्या की सुक्या?"

मी कपाळावर हात मारला. "गंगाधर, गाडी तुझी, चिखल तुझा, आणि विचारतोस मला?"

"दोन्ही दे. खाचेत ओला, वर सुकलेला. आणि आतून चाकं फिरतात तेवढी वाट चकचकीत."

"चकचकीतच केला होता की आधी!"

"सगळाच केलास, गाढवा!"

आतून मीराबाई कडाडली, "भावजी, तुम्ही दोघं खाली जा, पट्टा रस्त्यावर लोळवा आणि आंघोळ करूनच वर या!"

शेवटी मी शाडूत तिची मिसरी कालवली. "दातांना लावायची आहे ती, चाकांना नाही!" म्हणून तिने माझ्या हातावर चापटही मारली. कालवलेलं खाचांत भरलं, सुकू दिलं, वरवरचं बोटाने पुसलं आणि चाकांच्या वाटेवर शिसपेन्सिल घासली.

गंगाधरने पट्टा खिडकीशी नेला. उलटासुलटा करून बघितला. मग नाकाशी धरून हुंगला. मिसरीचा वास, दुसरं काय. पण म्हातारा डोळे मिटून उभा.

झालं! दुसरा पट्टाही तस्साच उतरवला. ऑपरेशनच्या सकाळी दोन्ही चढवले. गंगाधरने गाडी फिरवून फिरवून बघितली, ताठ उभा राहिला, मला कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "पास!"

आणि वैभव, तुझ्या गळ्याशपथ, रणगाडा घरघरला. गॅलरीतून सुटला तो वाळत घातलेल्या पापडांवरून गेला, जिना उतरला, थेट उड्डाणपुलावर! जड वाहनांना बंदी म्हणून हवालदाराने शिट्टी मारली, तेव्हा कुठे—

"पुरे."

मीराबाई हात पुसत दारात आली होती.

"अहो, गाडी चालली, चालू दे. पापडांवरून गेली, जाऊ दे. पण भावजी 'पास' कधी म्हणाले? 'दुसरापण असाच कर, परत आलो की बघतो,' म्हणाले ते. आले का परत? दुसरा पट्टा अजून तांदळाच्या डब्याखाली आहे. मी डबा हलवलेला नाही."