ऊब

हातजाळी वर उचलली तेव्हाच ताईला तिचं वजन खटकलं. जिवंत मासे जाळीत उसळ्या मारतात. हे ओल्या चिंध्यांसारखे पडून होते. तिने जाळी झटकून पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. तिच्या मत्स्यबीज केंद्राच्या पहिल्या हौदातली सगळी बोटुकली, बोटाएवढी वाढलेली पिल्लं, पोट वर करून तरंगत होती.

"चिमे!"

धाकटी बहीण धावत आली. माशांच्या रोगांवर ती प्रयोगशाळेत काम करायची. पिल्लं मलूल वाटतात असं ताईने कळवल्यावर नमुने न्यायला आज आली होती. तिने एक मासा तळहातावर घेतला, कल्ला उचलून पाहिला. मग हौदात हात घातला, आणि तो तसाच पाण्यात राहिला.

"ताई, पाणी इतकं गार कसं?"

"परवा मीच गरम पाण्याचा नळ बंद केला. सगळे त्या नळाखाली एकावर एक चढून बसले होते. म्हटलं, शिजतील बिचारे."

चिमीने हातातला मासा अलगद हौदाच्या काठावर ठेवला.

"बोल की. एरवी तुझी टकळी थांबत नाही."

"त्यांना विषाणूची लागण झालेली दिसतेय. आपल्याला ताप चढतो ना, तसा माशाला आपला आपण चढवता येत नाही. म्हणून तो उबेकडे जातो. अंग तापलं की शरीर लवकर जागं होतं, सुरुवातीलाच विषाणूला रोखून धरतं." तिचा आवाज खाली गेला. "ते तिथे ताप घ्यायला गेले होते, ताई."

"म्हणजे मी मारले."

"रोगाने मारले."

"सरळ विचारतेय, सरळ सांग."

"ऊब असती तर बरेचसे वाचले असते."

ताई ओल्या फरशीवरच बसली. ज्या हाताने नळ फिरवला, तो ती पदराला पुसत राहिली, कोरडा झाला तरी.

"दुसऱ्या हौदाचा नळ?" चिमीने हळूच विचारलं.

"तोही बंद करत होते. गंजलाय. फिरलाच नाही."

दोघी तिकडे गेल्या. गरम धारेखाली पिल्लं दाटीवाटीने चिकटून होती. चारदोन मेली होती. बाकीच्यांचे कल्ले धडधडत होते.

"हे तगतील असं वाटतं," चिमी म्हणाली. "पण बरे झाले तरी विषाणू अंगात उरू शकतो. यांना तळ्यात सोडता येणार नाही. विकताही येणार नाही."

व्यवहाराला चोख असलेली ताई आता बिथरणार, असं चिमीला वाटलं.

ताईने बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पिल्लं हलली नाहीत.

"आणखी किती गरम लागतं गं त्यांना?" तिने विचारलं.