वच्छलेचा णकार

स्वतःच्या पायात स्वतःच घातलेली बेडी तोडणे हे मोठेच कर्म आहे, यात शंका नाही. परंतु बेडी तुटल्यावर तिचे लोखंड हातात उरते, आणि ते कोणावर उगारले जाईल हे तोडणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते.

मौद्याच्या रामाजींची कन्या वच्छला १९६८ साली नागपुरात, मुलींच्या ज्या शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो तेथे, मराठी शिकवीत असे. तिचे बोलणे मला प्रथम फार संस्कारित वाटे. पाण्याला ती जल म्हणे, डोळ्यांना नेत्र, शाळेला विद्यालय. कारण उमगायला वर्ष गेले. तिच्या घरच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य'. ही दोन अक्षरे आपल्या जिभेला जन्मात येणार नाहीत, अशी समजूत तिने बालपणीच करून घेतली होती, आणि ती असलेला प्रत्येक शब्द ती टाळीत होती. वर्गातले धडेही ती मुलींकडूनच वाचून घेई.

हे हेरले शाळेचे कार्यवाह वामनराव यांनी. शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत ते विचारीत, "काय बाई, तुमच्या शायेत आज पोरी किती? आणि कायजी घ्या हो, वाचून वाचून डोये बिघडतील!" सारे हसत. मीही हसलो आहे.

तिला नोकरीत कायम करण्याची वेळ आली तेव्हा वामनरावांनी अट घातली. पाच जणांच्या समितीपुढे, जिच्यात मीही होतो, एक उतारा मोठ्याने वाचायचा; उतारा ते स्वतः लिहिणार. अडखळली तर नोकरी संपली.

ती माझ्याकडे आली. भीतीने तिची बोली उघडी पडली होती.

"गुरुजी, मले नाही जमत. आमची जीभच तशी हाय."

"डमरू म्हण."

"डमरू."

"जीभ कोठे लागली?"

तिने पुन्हा हळूच 'ड' म्हणून पाहिले. "वर. मांगं."

"ट, ठ, ड, ढ तुला येतातच. णकाराचे स्थान तेच. जीभ तेथेच ठेव आणि ध्वनी नाकातून सोड."

णकार उमटला. ती दचकून माझ्याकडे पाहू लागली. पंचवीस वर्षे जे अशक्य मानले ते तिच्याच तोंडात, डकाराच्या शेजारी बसून होते. थोड्या प्रयत्नाने ळकारही आला. मग दोन महिने सीताबर्डीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत ती रोज घोकत राहिली. जीभ घसरली की स्वतःच्या गालावर चापट मारून घेई. गालांवरचे वळ मी पाहिले आहेत.

परीक्षेच्या दिवशी रामाजी मौद्याहून आले आणि दाराशी बसून राहिले. वामनरावांचा उतारा सुरू होत होता तो असा: "कोळणीने काळ्या रांजणातले गाळलेले पाणी बाळाला पाजले." पुढे सारा तसाच. वच्छलेने तो शेवटपर्यंत वाचला. एकही अक्षर डगमगले नाही. वामनरावांना कागद खाली ठेवून "नेमणूक पक्की" म्हणावे लागले.

रामाजींचे डोळे भरून आले. कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून ते लगबगीने आत आले.

"पोरी, घसा सुकला असन तुहा. थोडं पानी पे वं."

वामनराव खुदकन हसले. वच्छलेचा चेहरा लाल झाला. तिने पेला घेतला नाही. घरी ती बापाशी एकेरीत बोले. येथे तिने आदरार्थी भाषा वापरली.

"पानी नव्हे, बाबा. पाणी. म्हणा."

"पानी."

"जीभ वर न्या. मागे वळवा. म्हणा, पाणी."

साठी उलटलेल्या त्या शेतकऱ्याने आम्हा पाच जणांसमोर तोंड वासले आणि जीभ वळवून पाहिली. लाळ हनुवटीवर आली.

"पानी."

सारे हसले. वच्छलाही हसली.

रामाजींनी पेला टेबलावर ठेवून आम्हाला हात जोडले. "पोरगी बराबर म्हनते, साहेब. आमीच अडानी." आणि ते निघाले.

ती त्यांच्यामागे जायला उठली. "बाई, सही राहिली की," वामनराव म्हणाले. आता त्यांच्या स्वरात आदर होता. ती बसली. सही झाली. ती फाटकाशी पोचली तोवर रस्ता रिकामा होता.

रामाजींची वाट ईश्वराने सुखाची केली असो. त्या कन्येला बापाच्या दारी जाण्याचे बळ मिळो. आणि त्या खोलीत जे जे हसलो, त्या आम्हा सर्वांचेही कल्याण होवो.